रंग जाणार नाही ना?

मी बोलतोय खरा, पण आधी सांगा, तुमची बोटं ओली नाहीत ना? ओल्या बोटांच्या माणसांपासून मी जरा लांबच असतो. थुंकी लावून, पाणी लावून, घाम लावून माझा रंग निघतो का ते पाहणारी माणसं इतकी भेटली, की आता कुणी नुसतं हात धुऊन समोर आलं तरी मी अंग चोरतो.

मी निळा दोरा. मशीनवरच्या भरतकामाचा. प्लास्टिकच्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या माझ्या उभ्या देहाला बाजारात कोन म्हणतात. कोनावर मी असतो आणि जिथं माझा टाका पडतो तिथंही मीच असतो. एकाच वेळी दोन ठिकाणी राहायची सवय तुम्हा माणसांना नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढं तुम्ही म्हणाल, हा कोनावर बसून बादलीतलं कसं सांगतो.

माझा जन्म सुरतेकडचा. जन्मलो तेव्हा पांढरा होतो. पॉलिएस्टरच्या दोन बारीक तारा एकमेकींत पिळून मला बनवलं आणि मग रंगाच्या टाकीत सोडलं. रंग चढला की तो पक्का व्हावा म्हणून दोऱ्याला गरम पाण्यात आणखी ठेवतात, नंतर जादाचा रंग धुऊन काढतात. माझ्या वेळी किती ठेवलं, किती धुतलं, देव जाणे. टाकीवरचा माणूस सगळा वेळ फोनवर मेव्हण्याशी भांडत होता. मेव्हण्याचा राग त्यानं माझ्यावर काढला असेल, दोन उकळ्या कमी दिल्या असतील, असं मला आजही वाटतं. स्वतःच्या रंगाची स्वतःलाच खात्री नसणं काय असतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

बाहेर पडलो तर कुणीतरी माझ्या तळाला लेबल डकवलं. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘पक्का रंग’ असं छापलेलं. ज्यानं ते डकवलं त्यानं मला एकदाही पाण्यात बुडवून पाहिलं नव्हतं. शेजारच्या लाल कोनाला तेच लेबल, काळ्याला तेच, आणि ज्याचा रंग हाताला लागत होता त्या जांभळ्यालाही तेच. तेव्हापासून छापलेल्या अक्षरावर माझा विश्वास उडाला.

तिथून मी घाटकोपरला आलो. स्टेशनपासून आत एका गल्लीत दोऱ्यांचं दुकान, छतापर्यंत फळ्या. माझ्या शेजारी बसायची ती मंडळी स्वतःला रेशीम म्हणवून घ्यायची. बाजारातही त्यांना रेशीमच म्हणतात. पण रेशमाच्या किड्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही, लाकडाच्या लगद्यापासून झालेली ती. चमक मात्र अशी की माझ्याकडे कुणी पाहू नये. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि संशयही यायचा. एवढं चमकायची गरज का पडते कुणाला?

दुकानाचे मालक किरणभाई. गिऱ्हाइकानं कुठलाही कोन उचलला की त्यांचं एकच वाक्य, “एकदम पक्का आहे, ताई. आँख बंद करके ले जाओ!” माझ्याबद्दल म्हणाले, जांभळ्याबद्दलही म्हणाले. डोळे मिटून घ्या म्हणणाऱ्या माणसासमोर मी डोळे ताणून बघतो.

एक दिवस संघमित्रा आली. वाकोल्याला तिची भरतकामाची कॉम्प्युटरवाली मशीन आहे, एका सुईची. शाळांचे बिल्ले, ब्लाउजच्या बाह्या, दुकानांच्या टी-शर्टवरची नावं, असली कामं ती घेते. तिनं मला उचललं आणि पहिल्यांदा काय केलं असेल? लेबल न वाचताच मला त्या लेबलावर उभं करून ठेवलं. मला ती त्याच क्षणी आवडली. पण आवडलेल्या माणसापासूनही सावध राहावं, म्हणून मी गप्प राहिलो.

“किरणभाई, निळा पाहिजे. पांढऱ्यावर काढायचाय.”

“मग हा घे ना, कंपनीचा. टॉपचा माल.”

“मागच्या वेळी टॉपचाच दिलेला तुम्ही. लेबल डुप्लिकेट निघालं. एका पोरीचा पांढरा फ्रॉक गुलाबी झाला माझ्यामुळे.”

“अरे, वो माल पीछेसे ही वैसा आया था.”

“म्हणून तर आता लेबल नाही बघत मी. आणि इम्पोर्टेड मला परवडत नाही. परवडेल तोच दाखवा, मी बघून घेते.”

मग माझी झडती सुरू झाली. आधी तिनं माझं हातभर टोक ओढलं आणि आपल्या काळ्या ओढणीवर धरून नजर फिरवली, कुठं जाड कुठं बारीक आहे का ते. मग दोन नखांच्या चिमटीतून मला सरकवलं. गाठ असती, तूस असतं, तर तिथंच अडकलो असतो. मग माझी दोन्ही टोकं एकत्र धरून मधला भाग लोंबता सोडला. जास्त पिळलेला दोरा अशा वेळी स्वतःभोवती गुरफटतो आणि मशीनवर गेला की गुंता करतो. मी थोडासा वळलो आणि थांबलो. तिनं मान डोलावली. मग दोन्ही हातांना गुंडाळून असा झटका दिला की मी तुटलो. तुटतात सगळेच. ती बघत होती, किती जोर लागतो ते.

“लायटर आहे?” तिनं विचारलं.

मी मनात म्हटलं, संपलं. तिनं माझा वीतभर तुकडा पेटवला. मी वितळलो आणि टोकाला टणक मणी झालो. शेजारच्या चमकदार मंडळींचा तुकडा पेटवला तर तो कागदासारखा जळून राख झाला. “हा धुण्यात टिकेल,” ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, “त्याचा ओलं झालं की जीव जातो.” त्या दिवशी माझ्या शेजाऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

शेवटी पांढरा रुमाल निघाला. तिनं तो पाण्याच्या बाटलीवर भिजवला आणि माझ्यावर घासला. मेव्हण्याशी भांडणारा तो माणूस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. रुमाल पांढराच राहिला.

तरी तिचं समाधान झालं नाही. “वरवरचा नको, आतला बघू,” म्हणत तिनं मला आणखी बराच उलगडला आणि आतल्या दोऱ्यावर पुन्हा रुमाल घासला. मग मला आणि माझ्याबरोबर त्याच टाकीतून रंगून निघालेल्या दुसऱ्या एका कोनाला घेऊन ती दुकानाबाहेर उन्हात गेली. ट्यूबलाइटखाली सगळे निळे सारखेच दिसतात. उन्हात दोघांचा निळा जुळला, तेव्हा कुठं तिनं फोन काढून पैसे दिले. किरणभाई म्हणाले, “ताई, लग्नाला मुलगी बघतात तरी एवढी बघत नाहीत.”

“लग्नासाठीच आहे,” ती म्हणाली.

ते लग्न तिच्या धाकट्या बहिणीचं, दर्शनाचं. मुलगा मुलुंडचा, प्रबुद्ध नावाचा. घरात तिघं, संघमित्रा, दर्शना आणि त्यांचे वडील दादू, पोस्टातून निवृत्त झालेले. आई, मीरा, तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या लग्नातली पांढरी सुती साडी दादूंनी जपून ठेवली होती. बौद्धांच्या घरात लग्नाला पांढरं नेसतात. मीराबाई त्या साडीत लग्नाला उभ्या राहिल्या आणि पुढं दरवर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना तीच नेसत राहिल्या. दर्शनाचं म्हणणं एकच, नवी नको, आईचीच नेसणार.

पण साडीचे काठ विरले होते. पदराच्या कडेला तर धागे लोंबत होते. म्हणून संघमित्रानं ठरवलं, विरलेल्या कडेवरून निळी पिंपळपानं काढायची, एकाला लागून एक. काठ झाकला जाईल आणि मजबूतही होईल. आता कळलं ना, माझी एवढी झडती का झाली ते? माझा रंग गेला असता तर दुकानात दुसरी साडी मिळाली असती, आईची मिळाली नसती.

वाकोल्याच्या त्या खोलीत डोक्यावरून सारखी विमानं जातात. विमान आलं की माणसं वाक्य अर्धवट ठेवून थांबतात आणि ते गेलं की पुढून जोडतात. मला ही सवय संशयास्पद वाटायची. त्या मधल्या वेळात माणूस वाक्य बदलत नसेल कशावरून?

पहिल्याच दिवशी शेजारची एडना आली. वाकोला गावठाणातली, आता याच बिल्डिंगमध्ये. गुलाबी झालेला तो फ्रॉक तिच्या नातीचा, यव्होनचा, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठीचा. संघमित्रानं स्वतः नवा शिवून दिला होता, पण एडना विसरली नव्हती.

“काय गो, हाच का नवा?” तिनं मला उचलून नाकाला लावलं. वास घेऊन तिला काय कळलं कुणास ठाऊक. “स्वस्तातला दिसतो. मना नाय वाटत हा टिकेल.”

“महागातल्यानं काय दिवे लावले होते, एडनामावशी?”

“तो पण तूच आणलेला ना!”

दोघी हसल्या, पण एडनानं मला खाली ठेवताना हात स्वतःच्या फ्रॉकला पुसला आणि पुसलेली जागा पाहून घेतली.

संघमित्रानं घरीही मला सोडलं नाही. आईच्या जुन्या पांढऱ्या परकराच्या तुकड्यावर तिनं एक पान काढलं. ते गरम पाण्यात साबण घालून चोळलं, मग ओल्या पांढऱ्या फडक्यात घट्ट गुंडाळून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं, मग वरून कडक इस्त्री फिरवली. फडकं पांढरंच. “पास झाला,” ती म्हणाली. मला तेही खरं वाटेना. तपासला तो तुकडा माझाच, पण नळकांड्याजवळचा मी अजून कुणी पाहिलाच नव्हता.

काम सुरू झालं तेव्हा मी सुरुवातीला सारखा तुटत होतो. “बघ, शेवटी तसलाच निघाला,” असं ती स्वतःशी पुटपुटली. मी शरमेनं अर्धा झालो. मग तिनं सुई काढून नखावर फिरवली. सुईच्या नाकालाच खरखर होती. नवी सुई लावल्यावर मी न तुटता धावू लागलो. सॉरी मात्र तिनं म्हटलं नाही. दोऱ्याला कोण सॉरी म्हणतं?

आठवडाभरात पदराचा काठ भरला. पांढऱ्यावर निळी पानं, नाजूक टोकांची. दर्शनानं पदर खांद्यावर टाकून आरशात पाहिलं आणि एकेका पानावरून बोट फिरवलं. दादू दारात उभे होते. ते म्हणाले, “मीराला आवडलं असतं.” मला बरं वाटलं. लगेच मनात आलं, मीराबाईंना आवडलं असतं हे आता पडताळून कोण पाहणार?

पानं आखताना केलेल्या पेनाच्या खुणा साडीवर राहिल्या होत्या. त्या काढायला एकदा पाण्यातून काढणं भाग होतं. लग्नाला चार दिवस होते. दोघी बहिणी ब्लाउजच्या फिटिंगसाठी अंधेरीला निघाल्या, तेव्हा संघमित्रानं बजावलं, “बाबा, साडीला हात लावायचा नाही. मी आल्यावर गार पाण्यातून काढते.”

“बरं,” दादू म्हणाले.

दार बंद झालं. थोडा वेळ ते टीव्हीसमोर बसले. मग उठून साडीपाशी गेले, तिची घडी उजेडात धरली. तीन वर्षं घडीत राहून साडी किंचित पिवळसर झाली होती. पानांच्या निळ्यापुढं तो पिवळेपणा जास्तच डोळ्यांत भरत होता, आणि त्याला मीही कारण होतो. त्यांनी मोरीवरच्या फळीवर, डब्यांच्या मागं हात घातला आणि निळीची एक जुनी पुडी बाहेर काढली.

पांढरे कपडे घालणाऱ्या घरात नीळ असतेच. मीराबाई विहारात जायच्या आदल्या दिवशी ही साडी निळीतून काढायच्या, दरवेळी. दादूंनी ते पस्तीस वर्षं पाहिलं होतं आणि एकदाही स्वतः केलं नव्हतं. त्यांनी बादली भरली, साडी बुडवली आणि वरून पुडी झटकली.

मी त्या बादलीत होतो. न विरघळलेली नीळ गोळ्या-गोळ्यांनी माझ्या आजूबाजूला उतरली आणि जिथं पडली तिथं कापडाला धरून बसली. दादूंनी घाईघाईनं हातानं हलवलं, तशी ती आणखी पसरली. सगळीकडे निळं. आणि इथंच माझी पंचाईत झाली. त्या निळ्यातलं निळीचं किती आणि माझं किती, ते मलाच सांगता येईना! आजवर कुणी न तपासलेला, आतला मीही आता त्याच पानांत होतो. इतके दिवस ज्या क्षणाला मी घाबरत होतो तो आला की काय, आणि नीळ तर नुसतं निमित्त झाली की काय, मला काही समजेना.

दादूंनी साडी दोरीवर टाकली. वाळत आली तसे डाग स्पष्ट झाले. पदरावर, पानांच्या कडेकडेनं, जणू पानांतूनच निळं ओघळलंय. त्यांनी पुडी चुरगाळून कचऱ्यात खोल कोंबली, वर कांद्याची सालं टाकली आणि खुर्चीत बसून राहिले. बोटांची नखं निळी झाली होती. हात त्यांनी मांडीखाली घेतले.

मुली आल्या. संघमित्रा दोरीपाशी गेली आणि तिथंच थांबली.

“बाबा, कुणी धुतली?”

“मी... गार पाण्यातनंच काढली. तू दमून येशील म्हटलं.”

“गेला रंग,” ती म्हणाली. “गेला. सगळा गेला.”

दर्शनाच्या हातातली ब्लाउजची पिशवी खाली पडली. “तुला सांगितलेलं ना ताई! एकदा तरी चांगल्यातला घे म्हटलेलं. माझ्या लग्नात पण तुला स्वस्तातलाच दिसला?”

“चार-चारदा बघून घेतला होता गं मी...”

“काय बघितलंस? आईची साडी होती ती! वाट लावलीस तू तिची!”

आवाज ऐकून एडना आली. साडीकडे पाहून तिनं कपाळाला हात लावला आणि मग कोनावरच्या माझ्याकडे पाहिलं. ती बोलली असती तर परवडलं असतं.

मी कोनावरून सगळ्यांकडे पाहत होतो आणि साडीवरून दादूंकडे. ते मान खाली घालून बसले होते. मी आयुष्यात कुणाकुणावर संशय घेतला नाही, पण या माणसावर घ्यायचं माझ्या मनात आलं नव्हतं. आता सांगतील, मग सांगतील, म्हणून मी वाट पाहत होतो. ते काही बोलेनात.

संघमित्रानं उसवायचं हत्यार घेतलं. दोन दाती असतात त्याला, मध्ये धार. “आणखी उतरायच्या आत सगळी पानं उसवते. मग डाग काढायचं बघू.”

“उसवलं तर कापड राहील का गो?” एडनानं हळूच विचारलं. “केवढं विरलंय ते.”

संघमित्राला ते दिसत नव्हतं का? पण हातावर हात धरून बसायलाही तिला जमेना. तिनं पदराच्या टोकाचं पहिलं पान धरलं, दाती घातली आणि माझे टाके कापायला लागली. कट, कट, कट. मला दुखतं का, हे विचारू नका. कापड दुखलं ते मात्र सगळ्यांनी ऐकलं. टर्र. पानाच्या जागी बोटभर फाटलं.

“थांब गं!” दादू उठले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. “नको उसवू. दोऱ्याचा नाही तो रंग. मी नीळ टाकली.”

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. खोलीतली सगळी माणसं तशीच उभी राहिली. मी दादूंच्या तोंडाकडे बघत होतो, आता विमान गेल्यावर हे वाक्य बदलतात की काय म्हणून. विमान गेलं. ते म्हणाले, “नीळ टाकली मी, संघमित्रा. पिवळी दिसत होती. तुझी आई टाकायची ना.”

“मग बोलला का नाहीत? दर्शना मला एवढं बोलली, मी साडीचं पान उसवलं, आणि तुम्ही बसून राहिलात?”

“तू दोऱ्यालाच नावं ठेवत होतीस सुरुवातीला. मला वाटलं, दोऱ्याचं काय जातंय.” त्यांनी फाटलेल्या जागेवर बोट ठेवलं. “मीराच्या हातून कधी एक डाग पडला नाही गं. पस्तीस वर्षं. आणि मला एकदा जमलं नाही. कसं सांगायचं?”

दोऱ्याचं काय जातंय! मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्याकडे पाहून तो फार वेळ टिकला नाही.

आता तुम्हाला वाटेल, झालं, मिटलं. संघमित्रा माझ्यापेक्षा संशयी. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “मला वाचवायला तर तुम्ही असं बोलत नाही ना?” दर्शनानं वडिलांचे हात धरून पुढं केले आणि नखं दाखवली. “हां, पण दोऱ्याचा पण गेला असेल,” संघमित्रा म्हणाली. “दोन्ही निळेच. कसं ओळखायचं?”

अगदी माझ्या मनातलं बोलली. मी कधीपासून तेच विचारत होतो.

एडना घरी गेली आणि शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली घेऊन आली. त्यांच्याकडे मटणाला लागतो, बाटलीभर असतोच. “आमच्या चर्चच्या आल्टरचे पांढरे कपडे मीच धुते. नीळ जास्त झाली की याच्यानं जाते. दोऱ्याचा रंग असेल तर याला दाद नाय देणार. बघ लावून.”

संघमित्रानं कापसाचा बोळा शिरक्यात बुडवून फाटलेल्या जागेजवळच्या डागावर टेकवला. चौघं वाकून पाहत होते. डाग करडा झाला, मग फिकट, मग दिसेनासा झाला. दर्शनानं बहिणीचा दंड घट्ट धरला. मग संघमित्रानं नवा बोळा भिजवून थेट माझ्यावर, शेजारच्या पानावर दाबून धरला. ती सोडेचना. मला जन्मापासून हाच क्षण चुकवायचा होता आणि हाच हवाही होता. तिनं बोळा उचलून उलटा केला.

पांढराशुभ्र होता.

“गेला नाही,” ती म्हणाली. “बाबा, गेला नाही रंग!” आणि ती एवढी रडली की एडनाला तिच्या हातातला बोळा काढून घ्यावा लागला.

पुढचं काम सगळ्यांनी मिळून केलं. पाण्यात शिरका घालून साडी दोनदा बुडवली, मग साध्या पाण्यातून किती वेळा काढली त्याला गणती नाही. दादू नळापाशी बसून बादल्या भरत होते, त्यांना उठा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. साडी वाळली तेव्हा पिवळेपणा राहिला होता, पण डाग एकही नव्हता. फाटलेल्या जागी मागून बारीक कापड लावून संघमित्रानं पान पुन्हा काढलं. बाकीच्यांपेक्षा ते जरा मोठं आहे. जवळून पाहिलं तर कळतं.

दर्शना तीच साडी नेसून लग्नाला उभी राहिली. वंदना सुरू असताना दादूंचे हात जोडलेले होते. नखं एव्हाना स्वच्छ झाली होती, तरी ते मधूनच त्यांच्याकडे पाहत होते.

आता माझा मोठा भाग साडीबरोबर मुलुंडला राहतो. उरलेला मी इथं वाकोल्यात, मशीनशेजारच्या फळीवर. नळकांडं दिसायला लागलंय. संघमित्रा मला सहसा मशीनला लावत नाही. हल्ली नव्या कोनांची झडती घेताना ती मला शेजारी ठेवते, आणि मग त्या बिचाऱ्यांना लायटर लावते. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, पण मध्ये मी पडत नाही. तुम्हीही दोरा घ्याल तेव्हा घासा, तोडा, पेटवा, उन्हात नेऊन बघा. राग येतो आम्हाला, पण घ्या झडती. एवढंच मागणं आहे, की डाग दिसला की लगेच दाती काढू नका. आधी घरातल्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघा.

परवा संध्याकाळी दर्शनाचा फोन आला. दादूंना कमी ऐकू येतं म्हणून संघमित्रानं स्पीकर लावला.

“बाबा, उद्या पौर्णिमा आहे. साडी धुवायला काढलीय. नीळ कशी टाकायची?”

संघमित्रानं एकदा वडिलांकडे आणि एकदा फळीवर माझ्याकडे पाहिलं.

“नको टाकू,” दादू म्हणाले. “आहे तशी राहू दे.”

“मला टाकायचीय. आई कशी टाकायची ते सांगा फक्त.”

दादू फोनजवळ सरकले. “आधी मगभर पाणी घे. नीळ फडक्यात बांध आणि त्या मगात पिळ. मग ते पाणी गाळून बादलीत ओत, हातानं ढवळ. साडी सगळ्यात शेवटी. आणि घालून सोडून देऊ नको, वर-खाली करत राहा. हे मी बघत होतो गं दरवर्षी, पण...”

“हां बाबा. आणि पानांचं काय? दोऱ्याला काही होणार नाही ना?”

संघमित्रा उत्तर द्यायला पुढं झाली होती. दादूंनी हात वर करून तिला थांबवलं.

“दोऱ्याची काळजी करू नको,” ते म्हणाले. “माझा गुन्हा अंगावर घेऊन गप्प बसलेला आहे तो. रंग सोडणाऱ्यातला नाही.”

मला रडता येत असतं तर त्या वेळी डोळे भरून आले असते. आणि खरं सांगतो, पुसायच्या आधी मी पाहून घेतलं असतं, त्या पाण्यात निळं उतरलंय का.